अंगठी कोणाच्या बोटात?

माणसाच्या हातून घडणाऱ्या अपराधांची लांबलचक यादी आपल्या धर्मशास्त्रांनी करून ठेवली आहे आणि पुढे कायद्याच्या पुस्तकांनी तिच्यात भर घातली आहे. चोरी आहे, खोटी साक्ष आहे, ठेव बुडवणे आहे. परंतु ज्या एका गोष्टीमुळे घराघरांतून डोळे ओले होतात, ती या यादीत सहसा सापडत नाही. ती म्हणजे विसर. शहरात नोकरीला लागलेला मुलगा गावाकडच्या आईला विसरतो. ज्या मामाच्या पडवीत झोपून शिक्षण पुरे केले, त्याचे नाव भाचा पुढे घेत नाही. तरुणपणी दिलेले वचन माणूस पोक्तपणी विसरून जातो. विचारायला जावे तर उत्तर तयार असते: "अहो, मुद्दाम का कोणी करतो? विसरलो!" हे उत्तर ऐकले की विचारणाराच ओशाळतो. विसर म्हणजे जणू पडसे. ते कोणालाही होते. त्याचा दोष कोणाला द्यायचा?

विसरणे हा खरोखर अपराध आहे काय? आणि असलाच, तर त्याचे प्रायश्चित्त कोणते? आपल्या देशातल्या एका फार मोठ्या कवीने निदान दीड हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न एका नाटकात मांडून ठेवला आहे. ते नाटक म्हणजे कालिदासाचे 'अभिज्ञानशाकुंतल'. मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून शकुंतलेची पाठवणी ही आपल्या घरच्या लेकीची पाठवणी होऊन बसली आहे. तिकडे इंग्रजी जगाला हे नाटक १७८९ साली सर विल्यम जोन्स यांच्या भाषांतरामुळे कळले. जोन्ससाहेबांनी त्याला जे दुसरे नाव जोडले, त्याचा अर्थ होतो 'घातकी अंगठी'. म्हणजे त्या परक्या पंडितालाही या नाटकात सर्वांआधी अंगठीच दिसली. 'अभिज्ञान' या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय? ओळख, किंवा ओळखीची खूण. कवीने नायिकेच्या नावाआधी खुणेचे नाव घातले आहे, ते उगीच नव्हे.

मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शाळेत जेवढे संस्कृत पदरात पडले तेवढीच माझी पुंजी. पुढचे सारे वाचन भाषांतरांना हाताशी धरून केलेले. पण मी शिक्षिका आहे आणि पंडितांना सहसा न मिळणारा एक लाभ शिक्षिकेला मिळतो. तिला मुलांचे प्रश्न ऐकायला मिळतात. एकदा वर्गात मी ही कथा सांगत होते. दुर्वासाने शाप दिला, राजा विसरला, शकुंतला दरबारातून परत फिरली, इथपर्यंत आले तोच एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, शाप शकुंतलेला आणि विसरला राजा. मग चूक कोणाची?" मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून एका मुलाने निकाल देऊन टाकला: "तिचीच. अंगठी तिनेच हरवली ना!"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण जग न्याय करते तो असाच. ज्याने विसरायचे तो मोकळा राहतो आणि जिला विसरले, तिच्याकडे पुरावा मागितला जातो. पुरावा हरवला की चूक तिचीच ठरते. कालिदासाचेही हेच म्हणणे होते काय, ते पाहू या.

त्यासाठी आधी मूळ कथा पाहिली पाहिजे. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे. तिथे शाप नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंत कण्वाच्या आश्रमात येतो, शकुंतलेशी गांधर्वविवाह करतो. तिची अट एकच असते: माझा मुलगा गादीवर बसला पाहिजे. राजा कबूल करतो आणि निघून जातो. मग वर्षे लोटतात, बोलावणे येत नाही. शेवटी मुलाचा हात धरून शकुंतला दरबारात उभी राहते. व्यास अगदी स्पष्ट सांगतात की राजाला सर्व आठवत होते. आठवत असूनही तो 'आठवत नाही' म्हणाला. ही शकुंतला गप्प बसत नाही. सत्य म्हणजे काय, पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, हे ती भर दरबारात राजाला सुनावते. अखेर आकाशवाणी होते, तेव्हा राजा मंत्र्यांना म्हणतो की मलाही हे ठाऊकच होते, परंतु नुसत्या हिच्या शब्दावर मुलगा स्वीकारला असता तर लोकांना शंका आली असती. आणि मग तो उदार होऊन सांगतो, रागाच्या भरात तू मला जे टाकून बोललीस त्याची मी तुला क्षमा करतो! क्षमा कोणी कोणाला करायची, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही.

ही कथा कालिदासाच्या हाती आली तेव्हा त्याने तिच्यात दुर्वास आणला, शाप आणला आणि अंगठी आणली. यावरून कवीवर एक आरोप नेहमी होतो. तो राजाश्रयाला राहणारा कवी, त्याला राजा नायक म्हणून हवा होता, म्हणून त्याने शापाची युक्ती काढून राजाला निर्दोष सोडवले, असे म्हणतात. आरोप वरवर पाहता खरा वाटतो. व्यासांचा दुष्यंत खोटे बोलतो, कालिदासाचा दुष्यंत बिचारा विसरतो. खोटे बोलणारा अपराधी आणि विसरणारा निरपराध, असा सरळ हिशेब.

पण कवीने हा हिशेब इतका सरळ ठेवलेला नाही. पाचवा अंक उघडा. शकुंतला दरबारात यायची आहे, त्याआधी आतून गाण्याचा आवाज येतो. गाणारी आहे हंसपदिका, राजाची एक राणी. तिच्या गाण्यात एका भुंग्याची कथा आहे. तो आंब्याच्या मोहराशी लगट करून गेला आणि कमळात रमल्यावर मोहराला साफ विसरला. राजाला टोमणा बरोबर समजतो. तो विदूषकाला सांगतो की कधी काळी माझे हिच्यावर प्रेम होते, त्याचा हा टोला आहे. आणि तिची समजूत घालायला तो विदूषकालाच पाठवून देतो, स्वतः जात नाही. आता विचार करा. दुर्वासाचा शाप शकुंतलेपुरता होता. हंसपदिकेला विसरायला राजाला कोणाच्या शापाची गरज लागली? रवींद्रनाथ ठाकुरांनी या जागेवर बोट ठेवले आहे: शापाने जे घडवले त्याचे बीज राजाच्या स्वभावात आधीच होते. विसर हा त्या राजवाड्यातला नित्याचा पाहुणा होता. शापाने फक्त त्याला नाव दिले.

मला त्यापुढची एक गोष्ट बोचते. शकुंतला दरबारात येते. गौतमी तिच्या तोंडावरचा पदर बाजूला करते. राजा तिला ओळखत नाही. ठीक आहे, तो शाप. ती खूण दाखवायला बोटाकडे पाहते, तर बोट रिकामे. शक्रावतारापाशी शचीतीर्थाला वंदन करताना अंगठी पाण्यात पडली असावी, असे गौतमी म्हणते. मग ती बिचारी एक आठवण सांगून पाहते. आश्रमात दीर्घापांग नावाचे हरणाचे पाडस होते. तुम्ही पानाच्या द्रोणात पाणी पुढे केलेत तर ते प्याले नाही. मी द्रोण हातात घेतला तेव्हा प्याले. आणि तुम्ही हसून म्हणालात की दोघेही रानातलेच ना, म्हणून एकमेकांवर विश्वास! केवढी खरी आठवण ही! खोटे बोलणाऱ्या बाईला असे पाडस सुचायचे नाही. यावर राजा काय म्हणतो? बायकांना कपट शिकवावे लागत नाही, कोकिळासुद्धा आपली पिल्ले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, असे तो म्हणतो. आणि समोर उभी असलेली स्त्री गर्भवती आहे!

शापाने राजाची स्मृती नेली होती. त्याची जीभ नेली नव्हती. आठवत नाही म्हणणे ही त्याची लाचारी होती. पण कोकिळेचा दाखला त्याच्या पदरचा होता. एखाद्याला ओळखत नसतानाही त्याच्याशी माणुसकीने बोलता येते. परक्या स्त्रीला स्वीकारणे अधर्म होईल ही राजाची भीती मी समजू शकते. खरोखर आठवत नसेल तर त्याने दुसरे काय करायचे होते, हा प्रश्नही न्याय्य आहे. परंतु नकार देणे वेगळे आणि नकाराबरोबर चारित्र्यावर शिंतोडा उडवणे वेगळे. पहिल्याला शापाची सबब चालेल, दुसऱ्याला चालत नाही. घरीदारी आपणही हेच करतो. "मला आठवत नाही" एवढ्यावर आपण थांबत नाही. "तूच काहीतरी रचून सांगत असशील" हे आपण वर जोडतो. विसर तिथेच अपराध होतो.

आता त्या अंगठीकडे वळू. ती कुठून निघाली आणि कुठे कुठे गेली, हे ध्यानात ठेवून नाटक वाचले की तिचा अर्थ हळूहळू उलगडत जातो. पहिल्या अंकात राजा आश्रमात येतो तेव्हा तो आपण राजा आहोत हे लपवतो. झाडांना पाणी घालण्याच्या ऋणातून शकुंतलेला सोडवायचे म्हणून तो आपली अंगठी पुढे करतो. तिच्यावरचे नाव वाचून सख्या एकमेकींकडे पाहू लागतात. तेव्हा तो चटकन म्हणतो की गैरसमज नको, ही राजाकडून मिळालेली भेट आहे. पुढे जिने सत्याची साक्ष द्यायची, ती नावाची अंगठी रंगमंचावर प्रथम येते ती अशी, एका असत्याच्या सोबतीने!

पुढे निरोपाच्या वेळी तो नाव कोरलेली अंगठी शकुंतलेच्या बोटात घालतो आणि सांगतो, रोज यातले एक अक्षर मोज. शेवटच्या अक्षरापाशी पोचशील तोवर तुला न्यायला माणूस येईल. दुष्यंत या नावात अक्षरे तीन. तीन दिवसांत माणूस यायचा होता. तो आलाच नाही. इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आठवण ठेवायची होती राजाने. वचन त्याचे होते, माणूस त्याने धाडायचा होता. मग खूण कोणाच्या बोटात? शकुंतलेच्या. म्हणजे आठवण ठेवण्याचे काम एकाचे आणि ती शाबीत करण्याचे ओझे दुसरीचे, अशी वाटणी त्याच क्षणी झाली. दुर्वास तर नंतर आला.

तो आला तेव्हा शकुंतला कशी होती? पतीच्या आठवणीत इतकी बुडालेली, की दारात उभा असलेला अतिथी तिला दिसला नाही. नीट पाहिले तर तीही विसरली होती. एकाची आठवण धरताना तिच्या हातून दुसऱ्याचा मान राहून गेला. दुर्वासाचा शाप तिच्या कानावरही पडला नाही. सखीने ऋषीचे पाय धरले, तेव्हा खूण दाखवताच शाप सरेल एवढा उःशाप मिळाला. तिचे मन कोवळे म्हणून सख्यांनी तिला हे सांगितलेच नाही. राजाने ओळखले नाही तर अंगठी दाखव, एवढेच निघताना सुचवले. प्रेमापोटी झाकलेली गोष्टदेखील माणसाला कशी उघड्यावर आणून सोडते, याचे हे एक उदाहरण आहे.

अंगठी पाण्यात पडते, रोहू मासा ती गिळतो, मासा कोळ्याच्या जाळ्यात येतो. सहाव्या अंकाच्या आरंभी हा कोळी आपल्याला दिसतो तो मुसक्या बांधलेला. राजाच्या नावाची अंगठी विकताना तो सापडला आहे. तो काकुळतीने खरे ते सांगतो. मासा चिरला आणि त्याच्या पोटात ही सापडली. शिपाई त्याच्या धंद्याची टिंगल करतात आणि त्याला मारायला त्यांचे हात शिवशिवत असतात. या प्रवेशाला हसायचे असते अशी आपली समजूत आहे आणि रंगभूमीवर तो हसवतोही. पण त्याला पाचव्या अंकाशेजारी ठेवून पाहा. शकुंतलेच्या हातात अंगठी नव्हती, म्हणून तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. कोळ्याच्या हातात अंगठी होती, म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. खूण नसली तर तुम्ही खोटे, आणि असली तर चोर! सत्ता ज्यांना ओळखू इच्छित नाही, त्यांच्यापुढे तिने हे दोनच रस्ते ठेवलेले असतात. आणि गंमत अशी, की राजाची हरवलेली स्मृती त्याच्या मंत्र्याने आणून दिली नाही, पुरोहितानेही नाही. ती आणून दिली मुसक्या बांधलेल्या एका गरीब माणसाने. आणि मिळालेल्या बक्षिसातला अर्धा वाटाही त्याने शिपायांना देऊन टाकला.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणू नये. आमच्या शेजारी एक आजी राहतात. नवऱ्याच्या मागे त्यांना थोडे निवृत्तिवेतन मिळते. ते चालू राहायचे तर दर वर्षी, दिवाळीचे फटाके विझतात न विझतात तोच, हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे जिवंत माणसाने शाबीत करायचे. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले होते. यंत्रावर बोट ठेवायला सांगितले. त्यांनी ठेवले. ठसा उमटेना. दुसरे बोट, तिसरे बोट, उमटेना. आयुष्यभर भांडी घासून, दळणे दळून बोटांच्या रेषा पुसून गेल्या होत्या. समोरचा माणूस काही वाईट नव्हता. "आजी, पुन्हा एकदा या," एवढेच तो म्हणाला. पुढे दुसरी सोय निघाली आणि काम झाले. परंतु त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात पाचवा अंक उभा राहिला. बोटात अंगठी नाही म्हणून एक परत फिरली, बोटावर रेषा नाही म्हणून दुसरी. ज्या श्रमांनी रेषा झिजल्या, तेच खरे म्हणजे त्यांच्या आयुष्याचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र होते. पण ते वाचायला यंत्राला डोळे नव्हते.

असो. अंगठी पाहिली आणि राजाला सारे आठवले. इथून पुढे नाटकाचा जो भाग आहे, त्यातच कवीचे खरे म्हणणे आहे असे मला वाटते. तो आपण घाईने वाचतो. एक गोष्ट लक्षात घ्या. शापाची हकीगत तुम्हा-आम्हा प्रेक्षकांना चौथ्या अंकापासून ठाऊक आहे. राजाला ती ठाऊक नाही. सबंध सहावा अंक तो तळमळतो, वसंतोत्सव बंद करतो, तिचे चित्र काढतो, चित्रातल्या भुंग्यावर रागावतो. या साऱ्यात त्याला आपल्या वागण्याचे कारण सापडत नाही. तो अंगठीला बोल लावू पाहतो, की तो हात सोडून तू पाण्यात कशी पडलीस; आणि लगेच स्वतःला थांबवतो. ती तर निर्जीव; पण मला काय झाले होते? सबब हाताशी नसताना केलेला हा पश्चात्ताप आहे. कवीने सबब आपल्या हाती दिली आणि राजाच्या हाती पडू दिली नाही. राजाला निर्दोष सोडवायचे असते, तर त्याने हे उलट केले असते.

आणि पश्चात्ताप म्हणजे नुसते रडणे नव्हे, हेही कवीने दाखवले आहे. तळमळ चालू असतानाच अमात्याचा एक कागद येतो. धनमित्र नावाचा समुद्रावर व्यापार करणारा सावकार जहाज फुटून मेला, मूलबाळ नाही, त्याची संपत्ती राजाच्या खजिन्यात जमा व्हायची. सहीपुरतेच काम. पण राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कोणी गर्भवती आहे का पाहा. कळते की एक आहे. राजा आज्ञा करतो, पोटातल्या मुलालाही बापाच्या धनाचा हक्क आहे. एवढ्यावर न थांबता तो नगरात दवंडी पिटवतो की प्रजेपैकी ज्याचे जे माणूस जाईल, त्याच्या जागी दुष्यंत आहे असे समजावे. पाप तेवढे सोडून. वाचकहो, काही दिवसांपूर्वी याच माणसाने एका गर्भवतीला दारातून परत पाठवले होते. आज तो कधी न पाहिलेल्या एका गर्भवतीकडे अंगठी मागत नाही, साक्षीदार मागत नाही. तिच्या पोटातल्या जिवाची आठवण स्वतः होऊन ठेवतो. स्मृती परत आली याची ही माझ्या मते खरी खूण. भूतकाळ आठवून कोणीही रडते. आठवणीने आजचा निर्णय बदलला, तरच ती आठवण.

शेवटच्या अंकात हेमकूटावर मारीचांच्या आश्रमात राजाला एक मुलगा दिसतो. सिंहाच्या छाव्याचे तोंड उघडून तो दात मोजतो आहे. झटापटीत त्याच्या मनगटावरचा ताईत खाली पडतो आणि राजा सहज वाकून तो उचलतो. आश्रमातल्या तापसी चकित होतात, कारण आईबाप किंवा स्वतः मूल यांच्याखेरीज कोणी तो उचलला तर त्याचा साप होऊन तो डसायचा. पाहा, खूण इथेही आहे. पण या वेळी ती राजा तपासत नाही. खूण राजाला तपासते. आणि तो उत्तीर्ण होतो ते कुठलाही पुरावा पुढे करून नव्हे, तर दुसऱ्याच्या मुलाची पडलेली वस्तू उचलून देण्याच्या साध्या वळणामुळे.

मग शकुंतला येते. मळकी वस्त्रे, एकच वेणी, व्रतांनी वाळलेला चेहरा. राजा तिच्या पाया पडतो. ती त्याला उठवते आणि म्हणते, माझेच पूर्वीचे काही कर्म आड आले असेल. शापाची गोष्ट तिलाही अजून ठाऊक नाही. त्याने सबब न सांगता क्षमा मागितली, तिने कारण न विचारता क्षमा केली. मारीच ऋषी शापाची हकीगत सांगतात ती यानंतर, सारे होऊन गेल्यावर. तेव्हा राजा सुटकेचा निःश्वास टाकतो आणि शकुंतलेच्याही मनातले शल्य जाते. ते आनंदाचेच आहे. पण शापाचे ज्ञान आले तेव्हा त्याला करण्यासारखे काही काम उरले नव्हते. दोन माणसांनी आपापला नैतिक व्यवहार त्याच्यावाचून पुरा केला होता. कारणे शोधायची तर ती दुसऱ्याला क्षमा करण्यासाठी शोधावीत. स्वतःला सोडवण्यासाठी नव्हे. ज्याच्या हातून विसर झाला त्याने शाप नव्हताच असे समजून वागावे. शाप होता हे सांगायला जगात कोणीतरी मारीच भेटतोच. न भेटला तरी बिघडत नाही.

आता ती अंगठी. शापाचा उलगडा होण्याआधी, पाया पडून उठल्यावर, शकुंतलेला राजाच्या बोटात ती दिसते. राजा म्हणतो, हिच्यामुळेच मला आठवण आली. आणि ती पुन्हा तिच्या बोटात घालायला पुढे करतो. नाटक पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते की आता ती अंगठी घालील, दोघांचे मीलन होईल आणि पडदा पडेल. शकुंतला अंगठी घेत नाही. माझा हिच्यावर विश्वास नाही, तुम्हीच ती घाला, अशा अर्थाचे ती शांतपणे बोलते. रागाचा शब्द नाही, टोमणा नाही. इतक्यात मातली येतो आणि बोलणे दुसरीकडे वळते. पुष्कळ वाचक ही जागा ओलांडून पुढे जातात.

माझ्या मते सबंध नाटकाचा न्याय या एका नकारात आहे. राजाला तिने क्षमा केली, त्याच्याबरोबर ती हस्तिनापुराला परतही जाणार आहे. पण पुराव्याचे ओझे ती पुन्हा अंगावर घेणार नाही. खूण बोटात बाळगायची, ती हरवू नये म्हणून जपायची, वेळ आली की दरबारात दाखवायची, हे काम तिने एकदा केले. आता ते ज्याचे होते त्याच्याकडे गेले. विसरले कोण? मग आठवणीची गाठ कोणी मारून घ्यायची? माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मी शेवटी हेच सांगितले, की चूक कोणाची हे नाटकाच्या अखेरीस अंगठी कोणाच्या बोटात आहे त्यावरून ओळख.

दिवाळीत आपण खुणा पुष्कळ देतो. पाडव्याला ओवाळणीत बायकोला दागिना पडतो, भाऊबीजेला बहिणीच्या ताटात पाकीट पडते, गावी आईला लुगडे जाते. द्यावेत; त्यात आनंद आहे आणि घेणारीचे डोळेही आनंदाने भरून येतात. पण खूण दुसरीच्या बोटात घालून आठवण ठेवण्याचे काम संपले, असे समजणारा दुष्यंत आपल्यातल्या प्रत्येकात थोडा थोडा असतो. त्याच्यासाठी एक अंगठी राखून ठेवावी. ती दुकानात मिळत नाही आणि तिच्यावर आपले नाव कोरायचे नसते. ज्यांना आपण विसरण्याचा संभव आहे, त्यांची नावे तिच्यावर असावीत. आणि रोज त्यातले एक अक्षर मोजावे, ते मात्र आपणच.